आधी ‘हुश्श’, मग पुढचं

आठवडी बाजाराच्या दिवशी वऱ्हाडातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर तासभर बसून पाहावं. ‘मला नैराश्य आलं आहे’ असं सांगत कुणीही आत जात नाही. बाई सांगते, डोकं भणभण करते, जीव घाबरते, हातापायाले मुंग्या येते, रातभर डोया लागत नाही. पुरुष माणूस तेवढंही सांगत नाही. अंग दुखते म्हणतो, सुई मागतो आणि निघून जातो. डॉक्टर तपासतात, ताकदीच्या गोळ्या देतात. पंधरा दिवसांनी तीच बाई त्याच तक्रारी घेऊन पुन्हा रांगेत उभी असते.

तिच्या तक्रारी खोट्या नसतात आणि ती नाटकही करत नसते. नवरा कामासाठी बाहेरगावी गेलेला, सोयाबीनचा भाव पडलेला, लेकीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर. ही काळजी मनात असते असं आपण म्हणतो खरं, पण तिचं बिऱ्हाड शरीरात असतं. मानेत, जबड्यात, पोटात, छातीच्या वरच्या भागात अडकलेल्या श्वासात. म्हणून तिला थोडं शांत करण्याचा रस्ताही पुष्कळदा शरीरातूनच जातो. हा रस्ता कसा आहे, तो साध्या माणसाला कसा दाखवावा आणि तो कुठे संपतो, एवढंच या लेखात सांगायचं आहे. शेवटचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. श्वासाची शिकवणी स्वस्त असते, आणि स्वस्त गोष्टीचा मोह आपल्यासारख्या सेवाभावी कामांना लवकर पडतो.

आपल्या अमरावती जिल्ह्यात याबाबत एक मोठं काम होऊन गेलं आहे, आणि ते आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने इथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला. विदर्भ, ताण आणि आरोग्य या तीन शब्दांच्या इंग्रजी रूपांतून ते नाव घडवलेलं होतं. म्हणजे नावातच रोगाऐवजी ताण. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून धीर देण्याचं आणि समुपदेशनाचं काम करून घेतलं गेलं. ज्यांना औषधाची गरज होती त्यांना डॉक्टरांपर्यंत पोहोचवलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. कार्यक्रमाच्या आधी नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम ४ जणांनी त्यासाठी कुणाची मदत घेतली होती. कार्यक्रमानंतरच्या पाहणीत हा आकडा २७ वर गेला होता. ही माणसं आधीही तिथेच होती, त्यांची दुखणीही तीच होती. कुणी त्यांच्या ओसरीत येऊन त्यांना समजेल असं बोललं, हा फरक पडला.

आता शरीराकडे येऊ. आपली मराठी याबाबतीत फार शहाणी आहे. घाबरलं की तोंडचं पाणी पळतं, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो. आपण हे वाक्प्रचार म्हणून शाळेत पाठ केले, पण हे सगळं अक्षरशः घडत असतं. वाटेत अस्वल आडवं आलं, आणि मेळघाटात ही काही गोष्टीतली कल्पना नाही, तर विचार करायला सवड मिळण्याआधीच मेंदू शरीराला हुकूम देतो: पळ, नाहीतर लढ. पायांना रक्त जास्त लागणार म्हणून हृदय जोरात चालू लागतं. पचनाचं काम तूर्त बंद, म्हणून लाळ आटते आणि पोट आवळून येतं. कातडीतलं रक्त आत ओढलं जातं, म्हणून बोटं गार पडतात. पळताना अंग तापू नये म्हणून घाम आधीच सुटतो. श्वास वरच्यावर आणि भराभर चालतो. अस्वल झाडीत निघून गेलं की थोड्या वेळाने हे सगळं आपोआप ठिकाणावर येतं.

कर्जाचा हप्ता अस्वलासारखा निघून जात नाही. दारू पिऊन घरी येणारा नवराही नाही. मग तो ‘पळ’ असा हुकूम मागे घेतलाच जात नाही आणि शरीर महिनोन्महिने पळायच्या तयारीत राहतं. झोप उथळ होते, मान धरते, भूक जाते, बारीकसारीक आवाजाने दचकायला होतं. आणि यातून एक वाईट फेरा सुरू होतो. छाती धडधडते म्हणून मनाला वाटतं की काहीतरी वाईट घडणार आहे, आणि मनाला तसं वाटलं की छाती आणखी धडधडते.

हा फेरा कुठे तोडायचा? हृदयाला सांगून ते सावकाश चालत नाही. पोटाला सांगून गोळा सुटत नाही. मनाला ‘काळजी करू नको’ म्हटल्याने आजवर कुणाची काळजी गेलेली मी पाहिली नाही. वर सांगितलेल्या यादीत एकच गोष्ट अशी आहे जी आपली आपण चालते आणि तरीही सांगितलं तर ऐकते. ती म्हणजे श्वास.

डोंगरातून सरपणाचा भारा आणणारी बाई अंगणात भारा टाकते तेव्हा काय करते ते आठवा. ‘हुश्श’. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तोंडाने लांब श्वास बाहेर जातो, खांदे खाली येतात, मान सैल होते. सुटकेचा निःश्वास म्हणतात तो हाच. आता वाचता वाचता एक करून पाहा. एका हाताची दोन बोटं दुसऱ्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा आणि नाडी सापडू द्या. श्वास आत घेताना ती किंचित जलद होते आणि सोडताना संथ होते. तरुण माणसात हे चांगलं जाणवतं, वय वाढतं तसं कमी कळतं. मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा एक लांब मज्जातंतू आहे. हृदयाला लगाम घालण्याचं काम त्याचं, आणि श्वास सोडताना तो लगाम ओढला जातो. श्वास सोडण्याचा वेळ जितका लांबेल तितका वेळ लगाम ओढलेला राहतो.

म्हणून ‘दीर्घ श्वास घ्या’ हा नेहमीचा सल्ला मला अर्धवट वाटतो. घाबरलेला माणूस आधीच भराभर हवा आत ओढत असतो. त्याला ‘आणखी खोल घे’ म्हटलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. मग हातापायांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, बोटं आखडतात, चक्कर येते. तो बिचारा अधिकच घाबरतो. आरोग्य केंद्रातल्या त्या बाईच्या मुंग्यांमागे पुष्कळदा हेच कारण असतं. तिला सांगायचं ते इतकंच की, घेण्याची फिकीर करू नको, सोडताना सावकाश सोड. आत घेणं आपोआप होतं.

याच संदर्भात २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला एक छोटासा प्रयोग आपल्या वाचकांना आवडेल. इटलीतील डॉक्टर लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना आलटून पालटून दोन गोष्टी म्हणायला सांगितल्या: कॅथलिक लोक जपमाळेवर म्हणतात ती मरियेची प्रार्थना, लॅटिनमध्ये, आणि एक मंत्र. एरवी माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. या दोन्ही पठणांत तो आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एक ओळ म्हणायला जेवढा श्वास लागतो तेवढाच लांब तो झाला, आणि हृदयाचा ठोका व रक्तदाब एका संथ लयीत आले. डॉक्टरांनी कुणाचा विश्वास मोजला नाही, फक्त श्वास आणि नाडी मोजली.

इथे आपल्या मंडळ्यांतून येणारा एक प्रश्न टाळता येणार नाही. हा योग आहे का, ध्यान आहे का, आणि असेल तर आपण हे का करावं? प्रश्न प्रामाणिक आहे. आसन आणि प्राणायामाची परंपरा या भूमीची आहे, आणि महाराष्ट्राने तिला प्रयोगशाळेतही नेलं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं ते श्वास आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी तपासण्यासाठी. आपल्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन इथल्या तरुणांनी देशी खेळ आणि कसरती जगाला दाखवल्या होत्या. दुसरीकडे, शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरने १९२९ साली पुस्तक लिहून स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत मांडली, तिच्यात धर्माचा कुठेही संबंध नाही. अमेरिकेतच १९७९ साली जॉन काबात-झिन यांनी बौद्ध साधनेतलं शरीराकडे सावध लक्ष देणं रुग्णालयात आणलं. रस्ते निरनिराळे आहेत, फुप्फुसं सगळ्यांची सारखीच. ज्याला योगवर्गाला जायचं त्याने जावं. ज्याला नको त्याने कसलंही नाव न देता लांब श्वास सोडावा, फरक तेवढाच पडतो. आणि ज्याला आपल्या प्रार्थनेची एकेक ओळ एकेका श्वासावर म्हणायची आहे, त्याने खुशाल म्हणावी. आपली जुनी भजनं, टिळकांची असोत की इतर कुणाची, ठाय लयीत म्हटली की हेच होतं.

पाड्यावर शिकवताना मात्र या गोष्टीला आपली प्रार्थना जोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घाबरलेल्या माणसाला शांत करताना त्याच्याकडून बदल्यात काही मागायचं नसतं, मानसुद्धा डोलवून घ्यायची नसते.

पवित्र शास्त्रात याचा एक सुंदर क्रम सापडतो. पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा जिवाला भिऊन रानात पळून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि आता मरण आलं तर बरं असं म्हणतो. देवदूत येतो, पण त्याला समजावत नाही, रागावत नाही, विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही. स्पर्श करून उठवतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी असतं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. त्यालाही कुणी हटकत नाही. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं जातं, कारण वाट लांबची आहे. मग चाळीस दिवस चालणं. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न त्यानंतर, डोंगरावर पोहोचल्यावर. झोप, भाकर, पाणी, चालणं, आणि सर्वांत शेवटी बोलणं. आपण भेटीला गेलो की बहुधा बोलण्यापासून सुरुवात करतो.

प्रत्यक्षात शिकवायचं कसं? सतरंजी, वर्ग, फळा यातलं काही लागत नाही. पाच-सहा बायका ओसरीत बसलेल्या असाव्यात, सगळ्या तिथल्याच. ‘डोळे मिटा’ असं सांगू नये. ज्या बाईने मार खाल्ला आहे किंवा जिच्यावर त्याहून वाईट प्रसंग गुदरला आहे, तिला डोळे मिटून शरीराकडे लक्ष दे म्हटलं तर नेमकं तेच डोळ्यांपुढे उभं राहतं. डोळे उघडे ठेवून अंगणात पाहिलेलं बरं. आधी पावलं. चप्पल काढून तळवे जमिनीवर टेकवायचे. जमीन गार आहे की तापलेली, सारवलेली आहे की खरबरीत, एवढंच पाहायचं. ‘माय, पायाखाली कसं लागून राह्यलं?’ असा साधा प्रश्न पुरे. त्यावर हसू येतं, आणि आलेलं हसू फार उपयोगी असतं.

मग हात. दोन्ही मुठी जितक्या घट्ट आवळता येतील तितक्या आवळायच्या, पाच आकडे मोजायचे, आणि सोडून द्यायच्या. खांदे कानापर्यंत उचलायचे आणि टाकून द्यायचे. ज्या माणसाला आपण ताठलेलो आहोत हेच कळत नाही, त्याला ‘सैल सोड’ म्हणून उपयोग नसतो. आधी आणखी ताठ केलं की सैल म्हणजे काय ते कळतं. जेकबसनची सगळी युक्ती एवढीच होती.

मग श्वास. नाकाने नेहमीसारखा घ्यायचा आणि फुंकणी ओठाला लावल्यासारखे ओठ करून सावकाश सोडायचा. चूल पेटवणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. मात्र जाळ भडकवायची फुंकर वेगळी आणि राखेखालचा निखारा हळूच जागा करायची फुंकर वेगळी, आपल्याला दुसरी हवी, एवढं सांगावं. श्वास कोंडून धरायला कुणालाच लावू नये, गरोदर बाईला तर मुळीच नाही. असे आठ-दहा श्वास म्हणजे दीड-दोन मिनिटं होतात. चक्कर आल्यासारखं वाटलं तर सोडून द्यायचं आणि उठून दोन पावलं चालायचं. शेवटी आजूबाजूला दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची: मोहाचं झाड, कोंबडी, घागर, पोराचं दप्तर, कौलावरचा भोपळा. मन उद्याच्या चिंतेतून आत्ताच्या अंगणात परत येतं.

हे एकदा करून काही होत नाही. विहिरीत पडल्यावर पोहायला शिकता येत नाही. ते आधी शिकून ठेवावं लागतं. म्हणून याला रोजच्या कामाशी बांधून द्यावं. घागर खाली ठेवली की तीन ‘हुश्श’. चुलीपुढे बसण्याआधी तीन. दिवा मालवल्यावर पाच. घड्याळाशी बांधलं तर चार दिवसांत विसरतं, घागरीशी बांधलं तर राहतं.

पुरुष मंडळी अशी ओसरीत बसत नाहीत, आणि बसवण्याचा हट्टही धरू नये. त्यांना चालता चालता सांगावं. धुऱ्यावरून चालताना तीन पावलांत श्वास घ्यायचा आणि पाच पावलांत सोडायचा. सोबत चालणाऱ्याशी नजर मिळवावी लागत नाही, त्यामुळे पुष्कळ माणसं समोरासमोर बसून जे कधी बोलणार नाहीत ते धुऱ्यावर बोलून जातात.

मेळघाटात हे काम करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू बांधवांची भाषा मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, अगदी वेगळ्या घराण्यातली भाषा आहे. ‘जीव घाबरते’ हे वऱ्हाडी बाईचं वाक्य कोरकू बाईच्या तोंडी असेलच असं नाही. तिची भीती तिच्या शब्दांत काय म्हणते, छातीत बसते की पोटात, हे तिच्याकडूनच ऐकायला हवं. म्हणून शिकवणारी बाई कोरकू बोलणारीच हवी. शहरातून गेलेल्या पाहुण्याने मागे बसावं.

दुसरं, लय आणि शरीर यांबद्दल कोरकू समाजाला आपण काय शिकवणार? गदली-सुसून नाचात बायांची रांग आणि पुरुषांची रांग ढोलाच्या आणि बासरीच्या तालावर रात्रभर एकाच पावलात हलते. एकमेकांच्या शेजारी, एका ठेक्यात, श्वास आणि गाणं एकत्र. आज शहरात पैसे भरून लोक जे शोधतात ते इथे होळीला फुकट असतं. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्यांकडेही ते होतं: दळण्याच्या फेऱ्याबरोबर ओवीची लांब ओळ, म्हणजे लांब सोडलेला श्वास. गिरणी आली, हाताची मेहनत वाचली, ते बरंच झालं. फक्त ती ओवी दुसऱ्या कशाला बांधली गेली नाही.

होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली माणसं, मग ती अमरावती-अकोल्याच्या बांधकामावर असोत, संत्र्याच्या बागेत असोत की वीटभट्टीवर, होळीला गावी परततात. त्या चार-पाच दिवसांत गावात आरोग्य शिबिर किंवा मार्गदर्शन ठेवण्याचा आपल्यासारख्यांना मोह होतो, कारण सगळे एकत्र सापडतात. ते करू नये. तेव्हा गाव स्वतःचं औषध घेत असतं.

अकोल्याच्या बाजूची गोष्ट थोडी निराळी. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं, आणि पुढे जंगलातली काही गावं उठवून सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत वसवली गेली. नव्या गावात रस्ता सरळ असतो, पण पाणवठा, देवाचं झाड, नाचायची जागा जुन्या गावात राहिलेली असते. काही गावकरी मधल्या काळात पुन्हा जंगलात परतलेही होते. अशा गावात मन शांत करण्याचे धडे देण्याआधी नाचायला मोकळी जागा कुठे ठेवली आहे, हे विचारणं जास्त उपयोगाचं ठरेल.

अशिक्षित, विस्थापित, सतत चिंतेत असलेल्या बायकांना हे शिकवता येतं का, अशी शंका कुणाला असेल तर आफ्रिकेतला एक अनुभव सांगतो. दक्षिण सुदानमधलं युद्ध सोडून युगांडात आलेल्या ६९४ निर्वासित महिलांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या एका साध्या पाठ्यक्रमाची चाचणी घेण्यात आली. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात पाच बैठका होत्या. शिकवणारा तज्ज्ञ नव्हता. त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित केलेला आवाज आणि चित्रांची पुस्तिका होती. पहिला धडा हाच: पाय जमिनीवर टेकव, श्वास सावकाश सोड, भोवती पाहा. तीन महिन्यांनंतरही या महिलांचा मानसिक त्रास इतरांच्या मानाने कमी असल्याचं दिसलं. कोरकू भाषेत, गावातल्याच एखाद्या आजीच्या आवाजात, दहा मिनिटांचं असं मुद्रण मोबाइलवर ठेवायला फारसा खर्च येणार नाही.

आता हा रस्ता कुठे संपतो ते.

धाप लागते, छाती धडधडते, चक्कर येते, अशी तक्रार ऐकली की आधी रक्त तपासून घ्यावं. आपल्या भागात रक्तक्षय घरोघरी आहे. विदर्भातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजारही आहे, क्षयरोगही आहे. रक्त कमी असलेल्या बाईचं हृदय धडधडतं ते काळजीने नाही. तिला श्वास शिकवत बसणं म्हणजे तिचा वेळ घालवणं. सिकलसेलचा रुग्ण सांधे, पोट किंवा छाती दुखते म्हणून कळवळत असेल तर त्याला सरळ रुग्णालयात न्यावं. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर ‘टेन्शन असेल’ म्हणू नये, १०८ ला फोन करावा.

भूक ही दुसरी सीमा. रोजगार हमीची मजुरी थकली असेल तर ती मिळवून द्यायला तहसीलला सोबत जाणं, शिधापत्रिकेवर नाव चढवून देणं, हीच त्या घराची शांती आहे. कुणी आपल्या देणगीतून ‘तणावमुक्ती वर्ग’ घ्यावा असं सुचवलं तर त्याच गावात बाकीचं काय चालू आहे, हे आपण देणगीदारांनी जरूर विचारावं.

आणि तिसरी सीमा सर्वांत नाजूक. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, जेवण, कामातलं लक्ष सगळंच गेलेलं. माणूस एकटा एकटा राहतो, देणी-घेणी मिटवायच्या गोष्टी करतो, ‘आता राह्यलं काय’ म्हणतो, किंवा कानात नसलेले आवाज येतात. तिथे श्वासाचा व्यायाम पुरत नाही. सरळ विचारावं: जीव नकोसा झाला आहे का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नये. फवारणीचं औषध घरातून हलवावं, कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावं. तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो, आणि तेवढ्यात हाताशी औषध नसणं एवढ्यानेसुद्धा जीव वाचतो. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. २०१५ साली राज्याने विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. आशाताई आणि जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग यांची मदत मागायला संकोच करू नये. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न केला असेल तर पोलिसांच्या भीतीने घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानून त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे, हे त्यांना सांगावं.

राहता राहिली वसतिगृहातली मुलं. सुट्टीनंतर गावाहून परतलेली लहान मुलं पहिले आठ-दहा दिवस दिवेलागणीला हमखास पोट दुखतं म्हणतात. आधी ताप पाहावा, पोट हाताने चाचपून पाहावं, शौचाला कसं होतं ते विचारावं. काही नसेल तर रागावू नये. त्याला चटईवर उताणं झोपवून पोटावर वही ठेवावी आणि वही हळूहळू वर जाताना, त्याहून हळू खाली येताना पाहा म्हणावं. वहीच्या जागी नदीतला गोल दगड असेल तर मुलांना जास्त आवडतो. शेजारी बसणाऱ्या बाईंनी किंवा सरांनी तोवर घाईने बोलू नये, मोबाइल बघू नये आणि स्वतःचा श्वासही तसाच सावकाश सोडावा, कारण मूल दगडाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त पाहत असतं. दहा मिनिटांनी त्याला घरचं काहीतरी विचारावं. बकरी व्याली का, नवा भाऊ कसा दिसतो. मग जेवायला न्यावं.